गहू दिला, पण गिरणी पाण्यात होती: पुराच्या मदतीची यादी ठरवणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र कुणा एका साहेबांना नाही. पावसाळ्याआधी बैठक घेऊन पुराची तयारी ठरवणारे अधिकारी, गावोगावचे कारभारी, निवारा केंद्रावर ड्युटी लागणारे तलाठी भाऊसाहेब आणि गुरुजी, आणि पूर आला की लांबून लांबून टेम्पो भरून मदत पाठवणारी मंडळं, संस्था, तुम्हा सगळ्यांना मिळून लिहितेय. तुमच्यातल्या कुणाच्या मनाबद्दल मला शंका नाही. २०१९ ला जी माणसं गुडघाभर चिखलातनं आमच्यापर्यंत पोती घेऊन आली त्यांना मी जन्मात विसरणार नाही. तरीपण बोलायचं आहे, कारण यंदा परत तीच यादी निघालीय.

मे महिन्यात आमच्याकडं पावसाळ्याच्या तयारीची बैठक झाली. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, जनावरं कुठं हलवायची, सगळं नीट ठरलं, चांगलं झालं. मग खाण्याचा विषय आला आणि तो पाच मिनिटांत संपला. बिस्किटं, नूडल्सची पाकिटं, गहू, तांदूळ, पाण्याच्या बाटल्या. आम्ही बचत गटाच्या चौघी-पाचजणी मागं बसलो होतो, मी उभी राहून म्हटलं की कोरड्या खाण्याचे डबे आम्ही उन्हाळ्यातच करून ठेवतो, तीन दिवस चूल न पेटवता चालतील असे, तेवढं यादीत घ्या. उत्तर आलं, "ताई, तुम्ही ऐनवेळी स्वयंपाकाला या, यादीचं आम्ही बघतो." रागावून नाही बोलले, चांगल्या शब्दांत बोलले. पण ऐनवेळी स्वयंपाक कशावर करायचा हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही, आणि तेच माझ्या डोक्यातनं जात नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात राहते. २००५ चा पूर आला तेव्हा नवीन लग्न होऊन आले होते. मग २०१९, मग लगेच २०२१. पंधरा वर्षं झाली, गावात नोकरीला असलेल्या बाहेरगावच्या लोकांना डबे करून देते, त्यामुळं कुठलं अन्न किती तास टिकतं, कशाला वास सुटतो, कुठल्या भाजीनं पोट भरतं आणि कुठल्या नुसत्या रश्शानं तासाभरात परत भूक लागते हे मला हाताला माहिती आहे. पुस्तकातनं शिकलेली नाही, पण ज्या घरात तीनदा पाणी शिरलं त्या घरातलं स्वयंपाकघर मी तिन्ही वेळा नव्यानं लावलंय.

२०१९ ची नागपंचमी ५ ऑगस्टला होती, श्रावणी सोमवार पण तोच. नागपंचमीला आमच्यात तवा ठेवत नाहीत, चिरत नाहीत, भाजत नाहीत, म्हणून पुरणाची दिंडं उकडलेली होती. पाणी देवळाच्या पायरीला लागलं तसं मालक म्हणाले आता थांबायचं नाही. मी चाळणीतली गरम दिंडं तशीच स्टीलच्या डब्यात टाकली, वरनं फडकं बांधलं, आत्तींना (माझ्या सासूबाईंना) ट्रॅक्टरवर बसवलं आणि निघालो. वरच्या गावच्या शाळेत एका वर्गात आम्ही अकरा घरं. रात्री पोरं रडायला लागली तेव्हा तो डबा उघडला, एकेकाच्या हातावर अर्धं अर्धं दिंड ठेवलं. डाळ पोटात गेलेलं ते शेवटचं खाणं, त्यानंतर चार दिवस आमच्या खोलीत कुणाच्या पोटात डाळीचा दाणा गेला नाही. खायला नव्हतं असं नाही हं, बिस्किटाचे बॉक्स छताला लागत होते. पण डाळ नव्हती, भाकरी नव्हती, गरम जेवण नव्हतं.

त्या आठवड्यात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. जिथं ४० ला इशारा आणि ४५ ला धोका, तिथं ५७. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेल्यामुळं दुधाचे टँकर, भाजीच्या गाड्या, सिलिंडरच्या गाड्या सगळं तिकडंच अडकलेलं. ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटून माणसं बुडाली, ती त्याच पाण्यात. ते आठवलं की अजून घास उतरत नाही, त्यापुढं जेवणाची तक्रार लहान वाटते हे मलाही कळतं, म्हणूनच इतकी वर्षं गप्प बसले. पण जी माणसं वाचली ती पुढं आठ-पंधरा दिवस काय खाऊन जगली, त्यात कोण आजारी पडलं, ते कुठल्याच कागदावर आलं नाही.

आता एकेक सांगते.

गव्हाचं आधी. पाणी उतरल्यावर घरटी १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ आले. गहू चांगला होता, तक्रार गव्हाची नाहीच. पण गावातली गिरणी आठवडाभर पाण्यात होती, मोटर जळालेली, आणि लाइट कधी येणार हे कुणालाच माहिती नाही. पलीकडच्या गावची गिरणी चालू होती म्हणे, पण तिथं जायचा रस्ता वाहून गेलेला. मी आणि शेजारच्या काकूंनी परड्यातनं जुनं जातं ओढून काढलं, चार पाण्यानं धुतलं, तरी दळताना कचकच यायची, आणि गहू सादळलेला असल्यामुळं पीठ पडेना, लगदा व्हायला लागला. शेवटी म्हटलं घुगऱ्या करू, तर सरपण भिजलेलं आणि सिलिंडर वाहून गेलेला. दहा किलो गहू कोपऱ्यात ठेवून आम्ही परत बिस्किटं खाल्ली. पंधरा दिवसांनी पोतं सोडलं तर आतनं उबट वास, बुरशी धरलेली, कोंबड्यांनासुद्धा टाकलं नाही ते. म्हणून म्हणते, पूरग्रस्त माणसाला गहू देऊ नका, पीठ द्या. आणि ताजं द्या, कारण ज्वारीचं पीठ फार दिवस राहत नाही, बाजरीचं तर आठवड्यातच कडवट होतं. वरच्या अंगाला ज्या गावात पाणी चढत नाही तिथं डिझेलवर चालणारी एक गिरणी आधीच ठरवून ठेवली तर हा विषय तिथंच मिटतो.

दुसरं बिस्किटाचं, आणि इथं मला आत्तींबद्दल बोलायचंय. त्यांना बारा वर्षं शुगर आहे. शाळेत सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पाव, संध्याकाळी गोड शिरा नाहीतर परत बिस्किट, कुणीतरी ग्लुकोजची पावडर दिली तर "अशक्तपणा आलाय, घ्या" म्हणून तीपण पाजली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या कॅम्पात तपासलं, शुगर ३४० च्या वर. गोळ्या घरातच राहिलेल्या, पाण्यात गेलेल्या. त्या रात्री आत्ती मला हळूच म्हणाल्या, "पोरी, मला भाकरीचा एक तुकडा मिळंल का गं कुठं?" ज्या बाईच्या चुलीवर पन्नास वर्षं रोज वीस भाकऱ्या झाल्या तिला भाकरी मागावी लागली, आणि मी देऊ शकले नाही.

भाकरी चौथ्या दिवशी आली. जतकडच्या एका गावातनं. ज्या भागात प्यायला टँकर लागतात त्या लोकांनी घराघरांतनं भाकऱ्या गोळा करून पाठवल्या, सोबत शेंगदाण्याची चटणी, कांदे. दोन पोती होती. पहिल्या पोत्यातल्या भाकऱ्या गरम गरमच प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेल्या, त्यामुळं घाम सुटून निम्म्या चिकट झालेल्या, आंबूस वास येत होता, त्या टाकाव्या लागल्या आणि टाकताना जीव तुटत होता. दुसऱ्या पोत्यातल्या भाकऱ्या कुणा जाणत्या बाईनं तव्यावर पार कडक करून, गार करून, धोतराच्या फडक्यात गुंडाळल्या होत्या. त्या पुढं बारा दिवस खाल्ल्या आम्ही. आत्तींना दात नाहीत, तर त्यांच्यासाठी कडक भाकरी कुस्करून कोमट पाण्यात मीठ आणि चटणी घालून कालवायची, दहा मिनिटं मुरू द्यायची, चमच्यानं खायच्या. शुगर औषधानं आणि त्या भाकरीनं खाली आली. दोन्ही पोत्यांतली भाकरी एकाच मायेनं आलेली, पण गार करून बांधायची ही एवढीशी गोष्ट एकीला माहिती होती आणि दुसरीला सांगायला कुणी नव्हतं. मदत पाठवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती, पोळ्या-भाकऱ्या पाठवत असाल तर पूर्ण गार झाल्याशिवाय बांधू नका, प्लास्टिकमध्ये तर नकोच नको, आणि पोळीपेक्षा कडक भाकरी किंवा दशमी पाठवा. दशमीपण दुधातली असेल तर प्रवासात दोन दिवसच धरा.

तिसरं तान्ह्या बाळांचं. आमच्या खोलीत दोन ओल्या बाळंतिणी होत्या. मदतीत दुधाच्या पावडरीचे डबे आणि प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि कुणीतरी भल्या मनानं त्या दोघींच्या हातात दिल्या. आता मला सांगा, उकळलेलं पाणी नाही, बाटली धुवायला जागा नाही, त्यात ती पावडर कालवून महिन्याच्या बाळाला पाजायची? एकीचं बाळ दोन दिवसांत जुलाबानं सुकलं, नशीब चांगलं म्हणून वाचलं. त्या बाळाला आईचं दूध होतं, आईला मात्र पोटभर खायला नव्हतं. म्हणजे डबा बाळाला देण्यापेक्षा आईला डाळ-भात, शेंगदाणे, लाडू, पाणी द्यायला पाहिजे होतं. आमच्या अंगणवाडी ताईंनी नंतर सांगितलं की १९९२ पासनं कायदाच आहे, बाळाच्या दुधाचे डबे आणि बाटल्या अशा कुणालाही फुकट वाटता येत नाहीत, अनाथालयासारखी सोय सोडून. हे निवारा केंद्रावरच्या माणसांना माहिती का नसतं?

उपासाचं पण लिहिते, कारण यावर लोक सोडून द्या म्हणतात. आमचा पूर बहुतेक वेळा आषाढ-श्रावणातच येतो. सोमवार आहे, शनिवार आहे, म्हाताऱ्या बायका उपास मोडत नाहीत, कितीही समजावलं तरी नाही. त्या नुसत्या पाण्यावर राहतात आणि कुणाला सांगत नाहीत. राजगिऱ्याचा लाडू, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ एवढं असलं तरी त्यांचा दिवस निघतो, आणि हे उपास नसलेल्यालाही चालतंच.

पाण्याबद्दल एक गैरसमज गावोगाव आहे म्हणून मुद्दाम लिहिते. तुरटी फिरवली की पाणी नितळ दिसतं, गाळ खाली बसतो, पण त्यातले जंतू मरत नाहीत. आमच्या शाळेत टाकीतल्या पाण्यात तुरटी फिरवून लोक प्यायले आणि नंतर जुलाब-उलट्यांची रांग लागली. तुरटीनं निवळलेलं पाणी वरनं ओतून घ्यायचं, मग चांगलं खळखळून उकळायचं, किंवा क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिलेल्या मापानं टाकून अर्धा तास थांबायचं. आणि ज्यांना जुलाब लागलेत त्यांच्यासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रत्येक पोरीसोरीला तोंडपाठ पाहिजे. सरबत म्हणून अंदाजानं मूठभर साखर टाकतात त्यानं उलट त्रास वाढतो.

आता कुणी म्हणेल ताई, पुरात एवढे लाड कुठनं पुरवायचे, जीव वाचला हेच खूप. मी लाड मागत नाही, देशानं जे ठरवलंय तेच मागतेय. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ चा, त्यात मदतीचे किमान निकष ठरवायला सांगितलंय आणि त्यात अन्न आणि पाणी दोन्ही येतं. त्याप्रमाणं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं निकष काढले, मोठ्या माणसाला दिवसाला २४०० किलोकॅलरी, लहान मुलांना १७००, आणि प्यायला माणशी ३ लिटर पाणी. माझ्या मुलीनं ते वाचून दाखवलं तेव्हा मी वही घेऊन बसले आणि आमच्या डब्याचा हिशोब मांडला.

तो डबा कसा आहे ते सांगते. २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या आसपास गेलं, तेव्हा आम्ही परत त्याच शाळेत होतो, पण त्या वेळी आमच्या गटातल्या सात घरांनी आपापल्या मनानं थोडं थोडं कोरडं बांधून आणलं होतं आणि त्या सात घरांवर तीस माणसं दोन दिवस निघाली. तेव्हापासनं दर वर्षी अक्षयतृतीया झाली की आम्ही "पुराचा डबा" भरतो. फिरकीच्या झाकणाची जाड प्लास्टिकची बरणी, आत प्रत्येक जिन्नस वेगळ्या पिशवीत, पिशवीचं तोंड मेणबत्तीवर चिकटवलेलं. बरणी माळ्यावर, दाराजवळच्या बाजूला, म्हणजे अंधारात चाचपडत गेलं तरी हाताला लागते.

एका माणसाचा एका दिवसाचा हिशोब असा बसतो. पातळ पोहे २०० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १००, फुटाणे १००, सातूचं पीठ १००, गूळ ५०, बेदाणे ५०, आणि शेंगदाण्याची तेलातली चटणी २० ग्रॅम. सगळं मिळून सव्वासहाशे ग्रॅमच्या आत. यात २४०० किलोकॅलरी भरतात आणि प्रोटीन सत्तर ग्रॅमच्या पुढं जातं. तेवढीच ताकद ग्लुकोजच्या बिस्किटातनं घ्यायची तर अर्धा किलोच्या वर बिस्किटं खावी लागतात आणि प्रोटीन येतं निम्मं, वर नुसता मैदा आणि साखर. तीन दिवसांचा माणशी डबा दोन किलोच्या आत बसतो, शाळेच्या दप्तरात मावतो. शुगर असलेल्यांच्या डब्यात गूळ-बेदाणे काढून शेंगदाणे-फुटाणे वाढवायचे आणि कडक भाकरी ठेवायची, डब्याला दोरी वेगळ्या रंगाची बांधायची. बीपीवाल्यांची चटणी कमी मिठाची. आणि यात बाहेरनं आणायचं काय आहे सांगा? शेंगदाणा आपला, गूळ आपला, बेदाणा तर तासगावचा, घराशेजारचा. चुरमुऱ्याचं भडंग तर अख्खी सांगली करते, पण भडंग जागा फार खातं आणि पोटाला थोडं लागतं, म्हणून आम्ही ते पोरांपुरतं ठेवतो.

सातूचं पीठ पोरींना आता माहिती नसतं. गहू भिजवून, फडक्यात बांधून, वाळवून, खमंग भाजायचे, निम्म्याला निम्मं डाळं घालायचं, थोडं जिरं, सुंठ, आणि बारीक दळून आणायचं. सगळं भाजलेलं असल्यामुळं कच्चं लागत नाही, पाण्यात कालवलं की झालं, गूळ घाला नाहीतर मीठ-ताक घाला. दात नसलेल्या म्हाताऱ्याला, दीड-दोन वर्षांच्या लेकराला, तापातल्या माणसाला, सगळ्यांना चालतं. पोह्यांना तर आच लागतच नाही, पाण्याचा हबका मारायचा, मीठ, चटणी, शेंगदाण्याचं कूट, पाच मिनिटं झाकून ठेवलं की हाताला मऊ लागतात. कांदा-लिंबू मिळालं तर सोन्याहून पिवळं. मात्र बेसन, थालीपिठाची भाजणी, रवा असलं काही यात ठेवायचं नाही, ते विस्तवाशिवाय उपयोगाचं नाही, हे आम्ही पहिल्या वर्षी चुकून शिकलो.

शेंगदाण्याची काळजी मात्र घ्यावी लागते. ओल लागून बुरशी धरली तर ते विषच, लिव्हरला मार बसतो, तोंडात कडू-खवट लागला दाणा की थुंकून टाकायचा आणि पिशवी फेकायची. म्हणून दाणे कडक भाजून, गार करून भरायचे आणि तीन-चार महिन्यांच्या वर ठेवायचे नाहीत. तेवढे महिने झाले की आमच्या गटाच्या बायका डबे खाली काढतात, पूर आला नसेल तर देवाचे आभार मानून त्याच दाण्यांचे लाडू होतात. एक कण वाया जात नाही.

ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना अजून एक सांगते, पुराच्या पाण्यात भिजलेलं धान्य वाळवून खाऊ नका. मला माहिती आहे किती जिवावर येतं, मी स्वतः २००५ ला दोन पोती शाळू पत्र्यावर वाळवला होता आणि महिनाभर घरात पोटदुखी होती. त्या पाण्यात संडासाचं, मेलेल्या जनावरांचं, शेतातल्या औषधांचं सगळं आलेलं असतं. वाळवून ते जात नाही.

आमचा पूर भूकंपासारखा नाही. तो फुटाफुटानं सांगून येतो. कोयनेतनं किती सोडलं, वारणेला किती आलं, आयर्विनला किती झालं, हे मोबाइलवर तासातासाला कळतं, पोरंसुद्धा सांगतात. म्हणजे तयारीला वेळ मिळत नाही असं कुणी म्हणू शकत नाही. जनावरांसाठी चाऱ्याची व्यवस्था आधी ठरते, ती ठरायलाच पाहिजे, मग माणसाच्या घासाची का नाही?

आमचं मागणं साधं आहे आणि स्पष्ट लिहिते. पूरपट्ट्यातल्या प्रत्येक गावात १५ जूनच्या आधी, घरटी माणशी तीन दिवसांचा कोरडा डबा तयार पाहिजे. ज्यांना परवडतं ते आपला आपण भरतील, आम्ही शिकवायला येतो, पैसे नकोत. पण अंत्योदय कार्डवाली, भूमिहीन, एकट्या म्हाताऱ्या माणसांची घरं यांचे डबे सरकारी किंवा संस्थेच्या खर्चानं बचत गटांकडनं करून घ्या आणि गटाला रास्त दर द्या. फुकट राबायला बोलावू नका. बिस्किटाच्या कंपनीला जसं बिल मिळतं तसं आमच्या बायकांनापण मिळालं पाहिजे.

पूर ओसरल्यावर गहू बंद करा, पीठ द्या, सोबत एक किलो तरी तूरडाळ किंवा मूगडाळ, तेल आणि मीठ द्या. निवारा केंद्र ज्या शाळेत असतं तिथं जूनमध्येच दोन मोठी पातेली, शेगडी आणि भरलेले सिलिंडर कुलपात ठेवा, किल्ली हेडमास्तर आणि गटाच्या बाई दोघांकडं. मूगडाळ-तांदळाची पातळ खिचडी दिवसातनं दोन वेळा निघाली तरी निम्मी आजारपणं थांबतील, आणि ती शंभर माणसांना एका तासात होते, मी केलेली आहे. आशाताईंकडं गरोदर, बाळंतीण, शुगर-बीपीवाले यांची यादी असतेच, ती निवारा केंद्राच्या भिंतीवर नको, पण स्वयंपाक करणाऱ्यांच्या हातात पाहिजे.

लांबून मदत पाठवणाऱ्यांनी टेम्पो भरायच्या आधी एक फोन करावा. आम्हाला त्या दिवशी काय हवंय ते विचारावं. कधी नुसतं मीठ आणि काडेपेटी हवी असते, कधी सॅनिटरी पॅड, कधी एक रॉकेलचा कंदील. बाळाच्या दुधाचे डबे पाठवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती यादी जिथं ठरते त्या खोलीत स्वयंपाक करणाऱ्या दोन बायका बसवा. मागं नाही, टेबलाशी. त्यांनी सांगितलेलं लिहून घ्या. कुठल्या जिन्नसाला विस्तव लागतो आणि कुठल्याला नाही एवढा एकच प्रश्न मे महिन्यात कुणी विचारला असता तरी यादीतले गहू त्याच दिवशी खोडले गेले असते.

पुढची बैठक जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे असं कळलंय. आम्ही पाचजणी येतोय. येताना तीन डबे आणणार आहोत, एक साधा, एक शुगरवाल्यांचा, एक गरोदर बाईचा, सोबत वजनकाटा आणि खर्चाचा कागद. विस्तव लागणार नाही, पाण्याची एक बाटली टेबलावर ठेवा, पाच मिनिटांत पोहे भिजवून सगळ्यांना वाढतो, खाऊन बघा आणि मग यादी ठरवा. आत्तीपण येतो म्हणाल्यात, त्यांना खुर्ची लागेल.

आपली,
कृष्णाकाठच्या एका गावातली, बचत गटातली एक बाई